डिझायनर निवडण्याआधी प्रेसवाल्याचंही ऐका

नारायण पेठेत आमचा प्रेस आहे. वडिलांच्या काळात खिळे (शिशाची सुटी अक्षरं), पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि खिळे जुळवणारे जुळारी होते. आता एक ऑफसेट, एक डिजिटल मशीन आणि पेनड्राइव्ह घेऊन येणारी गिऱ्हाइकं आहेत. नवीन धंदा काढलेल्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला: "काका, ओळखीत कुणी चांगला डिझायनर आहे का?" नावं माझ्याकडे आहेत, पण पटकन देत नाही. एकाला लाभलेला डिझायनर दुसऱ्याला लाभेलच असं नाही. शिवाय डिझायनरने घातलेला घोळ निस्तरायला माणूस शेवटी येतो आमच्याच टेबलापाशी, तोही बहुधा उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. तेव्हा काउंटरवर तुकड्या-तुकड्यांनी जे सांगतो ते आज सलग लिहितो.

आधी हे बघा की तुम्हाला डिझायनर लागतोय का. बिलबुक छापायचंय, चलन छापायचंय, लेटरहेडवरचा पत्ता बदललाय, तर डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावून देणारा, पुरे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असे ऑपरेटर बसलेत की तुमचा चहा संपेपर्यंत मॅटर लावून प्रूफ हातात देतात. त्यांना कमी लेखू नका, कोरल सॉफ्टवेअरवरचा तो हात भल्याभल्यांना येणार नाही. फक्त ते तुम्ही सांगाल तसं मांडतात. हे इथे कशाला हवं, गिऱ्हाइकाला हे कळेल का, असं विचारत बसत नाहीत, आणि त्या पैशात त्यांनी विचारावं ही अपेक्षाही चूक. दुसऱ्या टोकाला एजन्सी. बाणेरला काचेचं ऑफिस, कॉन्फरन्स रूम, मशीनची कॉफी. तुमचं बजेट त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपुढे चिल्लर असेल, तर पहिल्या मीटिंगला सीनियर भेटतो आणि काम शिकाऊ मुलाच्या टेबलावर जातं. सरळ विचारा, "माझं काम कोण करणार? त्यालाच भेटायचंय." दोन-चार माणसांच्या धंद्याला सहसा एकटा काम करणारा, नाहीतर दोघा-तिघांचा छोटा स्टुडिओ बरा पडतो.

आता काम बघणं. सगळे इन्स्टाग्राम उघडून दाखवतात. क्राफ्ट पेपरची पिशवी, संगमरवरावर ठेवलेलं कार्ड, बाजूला कसलीशी हिरवी फांदी. याला मॉकअप म्हणतात. फोटो तयार मिळतो, त्यात आपलं चित्र बसवलं की झालं. ती पिशवी बऱ्याचदा कधी छापलेलीच नसते. मॉकअप दाखवण्यात गैर काही नाही, पण त्यावरून कळतं काय, तर चित्र बरं दिसतंय एवढंच. तुम्ही छापलेला माल मागा. खोका, लेबल, पाउच, मेनू कार्ड, जे केलं असेल ते घेऊन या म्हणावं. हातात घ्या, उलटं करा आणि मागची बाजू वाचा. पुढची बाजू कुणीही नटवतो. डिझायनरची अक्कल मागे कळते, जिथे घटक, पत्ता, किंमत, बारकोड, फोन नंबर हे सगळं तळहाताएवढ्या जागेत वाचता येईल असं बसवायचं असतं. बोर्ड केले असतील तर ते कुठे लागलेत ते विचारा आणि संध्याकाळी स्कूटर काढून बघून या. कर्वे रोडवरून गाडी चालवता चालवता नाव वाचता येतं का? लक्ष्मी रोडला शेजारच्या बोर्डांच्या गर्दीतून ते सापडतं का? दोन उन्हाळे खाल्ल्यावर त्या लाल रंगाचं काय झालंय? हे इन्स्टाग्रामवर दिसत नाही.

आणि त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करा. "कसा आहे हो?" असं विचारलंत तर "बरा आहे" एवढंच उत्तर येईल, पुण्यात तेसुद्धा कौतुकच म्हणायचं. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. ओपन फाइल, म्हणजे नंतर बदल करता येईल अशी मूळ फाइल, मिळाली का? आणि नंतर दुसरं काम निघालं तेव्हा परत त्याच्याकडेच गेलात का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला की समजून जा.

कोथरूडच्या एका ताईंचं सांगतो. भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी. घरून चालत होतं, ओळखीत खपत होतं, मग दुकानांत ठेवायचं ठरलं. त्या दोन डिझायनरांशी बोलल्या. पहिल्याने दोन दिवसांत तीन लोगो व्हॉट्सॲपवर पाठवले. देखणे होते, खोटं कशाला बोलू. जातं, नथ, नऊवारीचा काठ. (मराठी खाद्यपदार्थ म्हटला की नथ का लागते हे मला अजून कळलेलं नाही. मेतकूट नथ घालून खात नाहीत.) दुसऱ्या मुलीने लोगो काढलाच नाही. तिने प्रश्न पाठवले. वजन किती, २०० ग्रॅम की ५००? पाउच सील कोण करणार, घरी हातमशीनवर की बाहेर? दुकानात फळीवर उभं राहणार की हुकाला टांगणार? तिन्ही पदार्थ एकदमच बाजारात आणणार का? आणि पॅकिंगची तारीख कशाने मारणार? ताई वैतागून माझ्याकडे आल्या. "मी चित्र मागितलं, तर ही माझीच परीक्षा घेतेय!" मी म्हटलं, ताई, काम हिलाच द्या.

तारखेचाच प्रश्न घ्या. लेबलवर मॅट लॅमिनेशन, म्हणजे प्लास्टिकचा बिनचकाकीचा थर, दिला की हाताला मखमली लागतं, सगळ्यांना आवडतं. त्यावर साधा रबरी शिक्का मारला की शाई वाळत नाही, बोट लागलं की फरफटते. दुकानदाराच्या हातात काळं, तारीख गायब. ती मुलगी प्रेसवर आली, कागदांच्या नमुन्यांची वही मागितली, लेबलच्या तुकड्यावर शिक्का मारून अंगठ्याने घासून बघितला. मग पुढचा प्रश्न, "हळदीचा हात लागला तर?" मेतकुटात हळद, म्हणजे प्रश्न रास्त. शेवटी असं ठरलं की पुढचं लेबल लॅमिनेशनचं आणि मागचं मॅपलिथोच्या, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदाच्या, स्टिकरवर, त्यामुळे शिक्का वाळेल. पाउच भरून, सील करून, पुसून मगच मागचं लेबल लावायचं. किंमत वाढली तर फक्त मागचं लेबल नवं छापायचं, पुढचं तसंच राहतं. पुढच्या लेबलात तिन्ही पदार्थांना मांडणी एकच, फक्त पट्टीचा रंग वेगळा. उद्या चौथा पदार्थ आला तर नव्याने डोकं खाजवायला नको. एवढं सगळं होईपर्यंत तिने कॉम्प्युटरवर एक रेघ ओढली नव्हती.

पहिल्या डिझायनरने थेट छापील पाउच सुचवला होता, सहा रंगांत. तसे पाउच रोटोग्रॅव्हर मशीनवर छापतात. प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि पाउचही एकदम मोठ्या संख्येने घ्यावे लागतात. पुढे मजकुरात एक ओळ बदलायची म्हटली तरी सिलिंडर पुन्हा आला. शिवाय त्याच्या चित्रात नाव पार वरच्या कडेपर्यंत ताणलेलं होतं, म्हणजे पाउच बंद करताना अर्धं नाव सीलखाली. या मुलीने सांगितलं, आत्ता तयार कोरे पाउच घ्या, लेबल लावा, माल चालला की छापील पाउचचं बघू. या सल्ल्याने तिचीच फी घटली. स्वतःचं बिल कमी होईल असा सल्ला जो डिझायनर देतो त्याला मी तरी हातचा सोडत नाही.

खाण्याच्या वस्तूंचं आणखी एक. लेबलवर काय असायलाच हवं हे कायद्याने ठरलेलं आहे. पॅकबंद वस्तूंसाठी वजनमापवाल्यांचे २०११ चे नियम, आणि अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे, म्हणजे एफएसएसएआयचे, लेबलिंगचे २०२० चे. परवान्याचा १४ आकडी नंबर, शाकाहारी मालाला हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, वगैरे. अक्षरं किती मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत हेसुद्धा लिहिलेलं आहे. डिझायनरने हे पाठ केलेलं असावं असं माझं म्हणणं नाही. नोटीस आलीच तर तुमच्या नावाने येते, त्यामुळे यादी तुम्ही जाणकाराकडून तपासून घ्यायची. पण चित्र काढण्याआधी त्याने "मागचा पूर्ण मजकूर द्या" म्हणायला हवं. जो म्हणतो "ते नंतर टाकू कुठेतरी", त्याच्या कामात ते खरोखरच कुठेतरी पडलेलं असतं.

आता मराठी. याबद्दल मी जरा जास्त बोलतो, सहन करा.

बरेच डिझायनर लोगो इंग्रजीत करतात. वळणदार, घोटलेला. मग बोर्डाची वेळ येते आणि लक्षात येतं की मराठी नाव केलेलंच नाही. ते फ्लेक्सवाला त्याच्याकडे असेल त्या फाँटमध्ये टाकून देतो. महाराष्ट्रात दुकानाचा बोर्ड मराठीत, देवनागरीत असायलाच लागतो. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही तो नियम आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले, तेव्हा आमच्याकडे आणि सगळ्या बोर्डवाल्यांकडे जी रांग लागली ती आठवते. त्या घाईत झालेल्या पाट्या बघा. इंग्रजी नाव झोकात आणि त्याच्या डोक्यावर मराठी नाव भाड्याने आणल्यासारखं. मंगल फाँटमध्ये केलेलेही बोर्ड मी पाहिलेत. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी केलेला मंगल कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचण्यासाठी आहे, पंधरा फुटी बोर्डावर त्या बिचाऱ्याने काय करावं?

म्हणून पहिल्याच भेटीत तुमच्या नावाचा मराठी लोगो कसा करणार ते विचारा. मी एक छोटी परीक्षा सुचवतो. "खाऱ्या शेंगा, कुऱ्हाड, श्रीखंड, लाडू, शंकरपाळे" एवढं त्याच्याकडून त्याच्या आवडत्या फाँटमध्ये लावून घ्या. "ऱ्या" आणि "ऱ्हा" नीट येतात का बघा, कितीतरी फाँट तिथे गुडघे टेकतात. "ल" पाकळ्यांचा आहे की हिंदी वळणाचा? "श" देठाचा आहे का? राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ही मराठी रूपं दिलेली आहेत, पण ती माहीत नसलेला डिझायनर मुंबई-पुण्यातही ढिगाने मिळतो. दोन ओळींत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात का, तेही पाहा. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ घेतल्या की हे हमखास होतं. आणि फाँटचा परवाना कुठला, ते विचाराच. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' यांसारखे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यात बिनधास्त वापरा. बाकीचे त्याने विकत घेतलेत की कुठून उतरवलेत, हे तुम्हाला माहीत हवं. श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये मॅटर लावलं असेल तर छापून छान येईल, पण तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की भलतीच अक्षरं उमटतील. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट वाचता येईल अशा रूपातही, मागून ठेवा.

डिग्रीचं लोक फार विचारतात. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, विमाननगरला सिम्बायोसिसचं डिझाइन कॉलेज, लोणी काळभोरला एमआयटीचं. या सगळ्यांची मुलं आमच्याकडे येतात. काही चटकन शिकतात, काहींना ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर वाढवलेलं चित्र) म्हणजे काय ते मशीनपाशी उभं करून सांगावं लागतं. चित्रं काढून घ्यायची असतील तर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी उत्तम. पॅकिंगचं काम असेल तर दोन-चार वेळा ज्याचे हात पोळलेत असा बघा. एआयकडून लोगो काढून आणणारे तर आता रोजचेच झालेत. स्वतःला काय आवडतं ते डिझायनरला दाखवायला ते ठीक. छापायला आणलेलं असतं ते एक बारकं चित्र, मोठं केलं की कडा विरघळतात, आणि त्यातली देवनागरी अनेकदा कुठल्याच भाषेतली नसते.

फुकट सॅम्पल मागू नका. पाच जणांकडून लोगो मागवून एकाला पैसे द्यायचे ही पद्धत चतुर वाटते, पण त्यात चांगले डिझायनर उतरतच नाहीत, उरतात ते कालचाच लोगो नाव बदलून पाठवणारे. त्यापेक्षा एक छोटं काम पैसे देऊन द्या. एखादं पत्रक, एखादा स्टिकर. त्यात सगळं कळतं. वेळेवर देतो का, फोन उचलतो का, प्रूफमधल्या चुका स्वतः शोधतो का. मुद्दाम एखादी आचरट सूचना करून बघा. "लोगो दुप्पट करा, आणि फोन नंबर लाल करा." मुकाट्याने करणारा नको आणि फुरंगटून बसणारा तर मुळीच नको. "करतो, पण मग वजनाला जागा राहणार नाही, हे बघा" असं म्हणून दोन्ही छापून समोर ठेवणारा तुमचा माणूस. रंगांबद्दलही त्यानेच आधी सांगायला हवं. मोबाइलवरचा झगझगीत पोपटी चार रंगांच्या छपाईत तसा येत नाही, निस्तेज होतो. हे जर तुम्हाला माझ्याकडून, माल छापून झाल्यावर कळलं, तर डिझायनरने काम अर्धंच केलं.

पैशाचं बोलणं कागदावर असावं. किती पर्याय देणार, किती वेळा बदल करून देणार, फोटो आणि फाँटचे पैसे कुणाचे, प्रेसवर प्रूफ बघायला येणार का, कुठल्या फाइली देणार. निम्मा ॲडव्हान्स मागितला तर बिचकू नका, तो रीतसर आहे.

एक ओळ मात्र जवळपास सगळे विसरतात. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं आपण धरून चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. तुमच्या पगारावरच्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, तुमचं. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा हक्क मात्र त्याच्याकडेच राहतो, जोवर तो लेखी तुमच्या नावावर करून देत नाही. लेखी करून देतानाही मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द त्यात हवेत. वकिलाकडून एकदा पानभर मसुदा करून घ्या, तोच दर वेळी चालवता येईल. सरळ डिझायनर यावर सही करायला कुरकुर करत नाही, फार तर थोडी जास्त फी सांगेल, तीही वाजवी आहे. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर तेच नाव दुसऱ्या कुणाचं आहे का तेही बघून घ्या, शोधायला पैसे पडत नाहीत. अर्जाची ऑनलाइन फी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपये आहे. हे काम डिझायनरचं नाही, पण लोगोवर पैसे घालण्याआधी करायचं आहे.

राहिली ओपन फाइल. "पीडीएफ दिली ना" म्हणून बोळवण करतात. छापायला आम्हाला अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे चित्रासारखी पक्की केलेली, पीडीएफ लागते हे खरं, पण त्यात उद्या फोन नंबर बदलता येत नाही. तुमच्याकडे दोन्ही हवं. छपाईची पीडीएफ आणि बदल करता येईल अशी मूळ फाइल, कोरलची असो वा इलस्ट्रेटरची, सोबत फोटो आणि त्याच्या परवान्यात बसतील ते फाँट. लोगो रंगीत, एकरंगी आणि काळ्यावर पांढरा असा तिन्ही प्रकारांत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पेनड्राइव्ह मिळाला की त्याच्या ऑफिसात उघडून बघू नका, तिथे सगळं उघडतंच. कुठल्याही प्रेसवर न्या, माझ्याकडे आणलात तरी चालेल, आणि दुसऱ्याच मशीनवर उघडायला सांगा. फाँट गायब असतील, फोटोच्या जागी रिकामी चौकट असेल, तर पाच मिनिटांत दिसतं. शेवटचा चेक त्यानंतर लिहा. आणि गणपती ते दिवाळी एवढ्यात येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या, नंतर मशीनवरून मान वर करायला फुरसत नसते.